चड्डीचा जीआर

आमच्या धाकट्याची चड्डी महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने शिवली गेली होती. यात अतिशयोक्ती नाही. कुठलाही शासन निर्णय उघडून शेवटचं पान बघा, सहीच्या वर हेच वाक्य असतं. मग तो निर्णय धरणाचा असो, बदल्यांचा असो की दुसरीतल्या पोराच्या चड्डीचा. आता एवढ्या उंचीवरून निघालेली चड्डी कमरेवर थांबेल ही अपेक्षाच चुकीची. ती निघाली ती थेट घोट्यापर्यंत गेली.

"ही याची की तुमची?" आमच्या हिने विचारलं.

"गठ्ठ्यावर इयत्ता दुसरी लिहिलंय."

"मग हाच दुसरीत नसेल. हेडसरांना विचारून या."

मी विचारून आलो. हजेरीपट काढून दोघांनी खात्री केली. धाकटा दुसरीतच होता, म्हणजे कागदोपत्री चड्डी बरोबर होती आणि पोरगं चुकीचं होतं. शेवटी हिने चड्डीला दोन चुण्या घातल्या, वर सेफ्टी पिन लावली आणि सगळा डोलारा करदोट्यात खोचून त्याला शाळेत पाठवलं. जाताना बजावलं, "पळू नको, वाकू नको आणि शिंक आली तर खाली बस."

ही काळजी घरोघरी घेतली गेली होती, हे शनिवारच्या कवायतीला कळलं. गुरुजी म्हणाले, "हात वर!" दुसरीच्या रांगेतला एकही हात वर गेला नाही. गुरुजी पुन्हा ओरडले. पोरं दोन्ही हातांनी कमर धरून तशीच उभी. गुरुजींना वाटलं, वर्गाने बंड केलं. मग एका भाबड्या पोराने गुरुजींचा मान राखायचा म्हणून हात वर केले, आणि बंडाचं कारण साऱ्या मैदानाला दिसलं.

याच्या उलट गत चौथीतल्या एका दांडग्या पोराची. त्याचा शर्ट बेंबीच्या अलीकडेच संपला. पण पोरं मोठ्यांपेक्षा व्यवहारी असतात. मधल्या सुट्टीत वडाखाली आठवडी बाजार भरला. दुसरीची चड्डी सहावीला गेली, सहावीचा शर्ट पाचवीला, पाचवीचा चौथीला, आणि फरक म्हणून कुणी दोन गोट्या, कुणी चिंचेचं बोटूक मोजलं. तासाभरात बहुतेकांच्या अंगाला बरं दिसेल असं काहीतरी लागलं. पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "गणवेश सगळे मापात आहेत ना?" हेडसर म्हणाले, "मापात आहेत साहेब. फक्त आतली मुलं बदलावी लागली."

या भानगडीत मी असण्याचं कारण, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांना अशी समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. अध्यक्षाला काय यायला हवं ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही, म्हणून माझी निवड होऊ शकली. त्या सभेला मी उशिरा पोचलो. दारात चपला काढतोय तोवर आतून टाळ्या ऐकू आल्या. कुणाचं तरी कौतुक चाललंय असं समजून मीही वाजवल्या. आत गेल्यावर कळलं, अध्यक्ष मीच, आणि पेढेही माझ्याच उधारीवर आलेत. घरी येऊन ही बातमी जरा घसा खाकरून सांगितली. ही म्हणाली, "बरं झालं अध्यक्ष आले. गॅसवाला टाकी दारात ठेवून गेलाय, आत घ्या."

शाळेतल्या पोराचे कपडे हा विषय सरकारला स्वस्थ बसू देत नाही. समग्र शिक्षा अभियानातून आता मुलामागे दोन गणवेशांचे सहाशे रुपये येतात. पूर्वी चारशे यायचे. आमची थोरली शाळेत जात होती तेव्हा ते चारशेही सरळ आई आणि मूल यांच्या जोड खात्यात टाकायचं ठरलं. पालकांनी आधी गणवेश घ्यायचा, पावती दाखवायची, मग पैसे. मधल्यामध्ये कुणी खाऊ नये हा हेतू चांगलाच होता. आमची ही थोरलीला घेऊन बँकेत गेली. खिडकीतला साहेब म्हणाला, "खात्यात आधी पाचशे भरा."

"चारशे मिळवायला पाचशे?"

"ते तुमचेच राहतात, ताई."

"मग पोरीनं काय पासबुक अंगात घालून शाळेत जायचं?"

साहेबाने पुढच्या माणसाला हाक मारली.

मग २०२३ साल उजाडलं. त्या वर्षी एक गोष्ट खरोखर चांगली झाली, ती आधी सांगून टाकतो, नाहीतर विनोदाच्या भरात राहून जायची. तोवर फुकट गणवेश सगळ्या मुलींना आणि मुलांमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्यांना मिळायचा. एकाच बाकावरच्या दोन पोरांतलं एक नवं कोरं आणि दुसरं ठिगळाचं, आणि ते दुसरं पोर आपण कुठल्या रेषेच्या वर आहोत हे समजायच्या वयाचं नसायचं. त्या वर्षापासून पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना गणवेश सुरू झाला. इथे थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

पण मे महिन्यात तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी 'एक राज्य, एक गणवेश' जाहीर केलं. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. तोवर अनेक शाळांची कापडाची ऑर्डर देऊन झाली होती. आता कापड परत घ्यायचं की राज्य परत घ्यायचं? मग तोड निघाली: आठवड्यातले तीन दिवस शाळेने ठरवलेला गणवेश, तीन दिवस सरकारचा. ज्या घरात आजपर्यंत चतुर्थी कधी आहे एवढंच विचारलं जायचं, तिथे सकाळी सहाला "आज सरकार आहे की शाळा?" असा आरडाओरडा सुरू झाला. आमच्या थोरलीने एका गुरुवारी वर शाळा आणि खाली सरकार असा वेष केला. वर्गात विचारलं तर म्हणाली, "आज अर्धाच दिवस आहे."

त्यानंतर आणखी बारकावे आले. शर्टाच्या खांद्यावर पट्ट्या हव्यात, खिसे दोन हवेत. खिशांचं पोरांनी स्वागत केलं. पट्टीचं प्रयोजन मात्र कुणाला कळेना. धाकट्याने मला विचारलं, "बाबा, हे कशासाठी?" मी म्हटलं, "पोलिसांना असतं ना, तसं." त्या दिवशी संध्याकाळी त्याने शेजारच्या दोन शेळ्यांना अटक केली.

२०२४-२५ ला कापड वरूनच यायचं होतं, एकदम साऱ्या राज्याचं. पोरं किती? चाळीस लाखांहून जास्त. चाळीस लाख पोरांना एका वेळी कपडे शिवायची कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी बहुधा एकही पोर नसावं. आमच्या घरात दोन आहेत. दिवाळीला दोघांचे कपडे एका दिवशी शिवून आले असं अजून घडलेलं नाही.

पंधरा जूनला शाळा उघडल्या. पोरं आली, पुस्तकं आली, पाऊसही आला. गणवेश येईना. रोज शाळा सुटल्यावर फाटकापाशी आया मला गाठायच्या. "अध्यक्ष, कधी?" मी "प्रक्रिया सुरू आहे" असं म्हणायला शिकलो. हे वाक्य मला कुणी शिकवलं नाही, पद मिळालं की ते आपोआप तोंडात येतं. पंधरा ऑगस्टला जुन्याच कपड्यांत झेंडावंदन झालं. एका आजीबाईंनी विचारलं, "स्वातंत्र्य तरी वेळेवर आलं होतं का रे?"

गणवेश शिवायचं काम महिला बचत गटांकडे होतं. आमच्या समितीतल्या एक ताई बचत गटातल्याच. गठ्ठे फुटल्यावर सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? आमच्याकडं कापडच कापून आलं. बाही ही, पाठ ही, जोडा. पोरगं कुणी दाखवलं का आम्हाला? पोरगं न बघता मी आजवर नुसती गोधडी शिवलीय."

दुसरा गणवेश स्काऊट-गाईडचा. त्याचं कापड शाळेला मिळायचं आणि शिलाई समितीने गावातच करून घ्यायची. शिलाईचे शंभर आणि किरकोळ खर्चाचे दहा, मिळून एकशेदहा रुपये. मी ते आकडे घेऊन टेलरमामांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, मशिनचं चाक हाताने थांबवलं.

"एकशेदहा? कशाचे?"

"शिलाईचे. शर्ट आणि पँट, दोन्ही मिळून."

"अध्यक्ष, एकशेदहात मी बटणं लावून देतो. काज तुम्ही करा."

"मामा, गावच्या पोरांसाठी आहे."

"पोरं गावची आहेत, दोरा गावचा नाही."

शेवटी मामांनी होकार दिला, पण अट घातली की शिवताना मी समोर बसायचं नाही.

एवढं सगळं पोरांचंच चाललं असतं तर गुरुजी लोक सुखाने बघत बसले असते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्याही कपड्यांचा शासन निर्णय निघाला. जीन्स नको, टी-शर्ट नको, नक्षीकाम आणि छापील चित्रं नकोत. पुरुषांनी साधा शर्ट पँटमध्ये खोचायचा, बायकांनी साडी किंवा ओढणीसकट सलवार-कुडता. आमचे तरुण गुरुजी टी-शर्टवाले. त्या टी-शर्टवर वाघ होता आणि पोरांना अंक शिकवताना ते वाघाचे पट्टे मोजून घ्यायचे. निर्णय आला आणि ते फिक्कट शर्ट खोचून, पट्टा आवळून वर्गात शिरले. वर्ग ताडकन उभा राहिला. पोरांना वाटलं, तपासणीचे साहेब आले. एकाने तर न विचारता सतराचा पाढा सुरू केला. गुरुजी सांगतात, तो पाढा त्या पोराला येत होता हे त्यांना त्याच दिवशी कळलं.

याच निर्णयात आणखी एक गंमत होती. डॉक्टर जसे नावाआधी डॉ. लावतात, तसं शिक्षकांनी इंग्रजीत 'टीआर' लावायचं. हेडसर आज्ञाधारक माणूस. त्यांनी लगेच मोटरसायकलीच्या पुढच्या बाजूला नाव आणि त्याआधी ही दोन अक्षरं रंगवून घेतली. गावाने त्याचा अर्थ ट्रान्सफर असा लावला. सरांची बदली झाली! निरोप समारंभाची वर्गणी गोळा झाली, शाल-श्रीफळ आलं, दूध डेअरीच्या आण्णांनी भाषण पाठ केलं. खुलासा झाल्यावर आण्णा नाराज झाले. ते म्हणाले, "मग हे भाषण कधी करायचं?" नारळ फोडून वाटला, शाल सरांना देऊन टाकली, आणि ते अजून इथेच आहेत.

तसं शिक्षकांकडे वर लक्ष गेलेलं हे पहिल्यांदा नव्हतं. २०२२ मध्ये वर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे रंगीत फोटो लावायचं फर्मान आलं होतं, 'आपले गुरुजी' म्हणून. खरा माणूस रोज समोर उभा असताना त्याचा फोटो कशाला, असं वाटतं खरं. पण गुरुजींचा निम्मा जन्म तालुक्याच्या बैठकीत आणि उरलेला माहिती भरण्यात जातो. तेवढ्या वेळात भिंतीवरून कुणीतरी डोळे वटारलेलं बरं.

आमच्या हेडसरांना वाचनाचा नाद आहे. एका सभेत चड्ड्यांवर चर्चा पेटलेली असताना त्यांनी सगळ्यांना शांत करायला म्हणून अमेरिका काढली. २००५ साली व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहाने म्हणे साठ विरुद्ध चौतीस मतांनी एक विधेयक मंजूर केलं होतं: कुणी पँट इतकी खाली नेसली की आतलं अंतर्वस्त्र अश्लील वाटेल असं दिसतंय, तर पन्नास डॉलर दंड.

आण्णा दचकले. "आपल्या पोरांना लागू होईल का?"

"नाही हो आण्णा. ते तिकडचं. शिवाय त्यांच्या सिनेटच्या समितीने ते पाडलं."

"तरी पण. तिकडं पोरं मुद्दाम खाली नेसतात. आपल्या पोरांना खाली जाणारी दिलीय. दंड कुणाला लागला असता?"

यावर हेडसरांनी घाईने दुसरं राज्य काढलं. फ्लोरिडात २०११ मध्ये असा कायदा शाळांपुरता झालाच. पहिल्यांदा सापडला तर ताकीद आणि घरी निरोप, दुसऱ्यांदा खेळ वगैरे बंद, तिसऱ्यांदा तीन दिवसांपर्यंत वर्गाबाहेर, पण शाळेतच बसवून ठेवायचं.

"शाळेतच बसवून ठेवतात?" आण्णा म्हणाले. "ही शिक्षा आपल्याकडं पहिलीपासून आठ वर्षं देतात."

आणि लुइझियाना राज्याने तर १९९९ मध्ये मुलांनी शिक्षकांना सर, मॅडम म्हणावं असा कायदाच केला, असं सरांनी सांगितलं. यावर सभेत बराच वेळ शांतता पसरली. मग ताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्याआधी काय म्हणायची?" हेडसरांना ते माहीत नव्हतं. एका तात्यांचं मत पडलं की आपल्याकडची पोरं सर म्हणतात, पण सर दिसले की पळतात. पळू नये असा कायदा अमेरिकेत कुणी केलाय का ते बघा. छडीचा उल्लेख निघणारच होता, पण शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी घातल्यापासून आमच्या शाळेतली छडी नकाशावर नद्या दाखवायच्या कामाला आहे, आणि तात्यांच्या काळात याच छडीने त्यांना नद्या पाठ झाल्या होत्या, असं ते दर सभेत सांगतात. त्यातली एकही नदी त्यांना आज सांगता येत नाही.

पुढे राज्यभरातून गणवेशांबद्दल इतकी बोंब झाली की २०२४ च्या डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला. २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. रंग समितीने ठरवायचा. शिवूनही समितीनेच घ्यायचा. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने काहीतरी माझ्या हातात आलं. मी त्या रात्री कोरा कागद घेऊन बसलो आणि वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ' असं लिहिलं. संदर्भ काहीच नव्हता, पण लिहिल्यावर बरं वाटलं.

रंगाची सभा आमच्या शाळेच्या इतिहासातली सगळ्यांत लांब सभा ठरली. आण्णांनी पांढरा सुचवला. पांढरं कसं स्वच्छ, सात्त्विक. समितीतल्या सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "धुणार कोण?" पांढरा गेला. ताईंनी मातकट सुचवला, म्हणजे मळलाय की नाही हा प्रश्नच उरणार नाही. तात्या म्हणाले, पोरं आणि शेत वेगळं दिसायला पाहिजे. मग कुणीतरी हिरवा म्हणालं, आणि कोपऱ्यातून कुणीतरी भगवा म्हणालं. मग निळा निघाला. त्यानंतर प्रत्येक रंगाला एकेक पक्ष चिकटलेला निघायला लागला. पिवळा मोकळा आहे असं वाटेपर्यंत एका सदस्याने मोबाइलवर झेंडा काढून दाखवला. खाकीचं नाव निघताच दोन माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि हेडसरांनी चहा मागवला. महाराष्ट्रात दुसरीतल्या पोराला घालता येईल असा एकही रंग राजकारणाने रिकामा ठेवलेला नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

चहानंतर विषय टायवर गेला. पलीकडच्या इंग्लिश मीडियमला टाय आहे, आपल्याला का नको, असा एका पालकाचा सवाल. जूनच्या उकाड्यात पत्र्याच्या वर्गात टाय? "दिसायला बरं दिसतं." मी अध्यक्षीय अधिकारात विचारलं, "तुम्ही बांधता का?" ते म्हणाले, "मी शेतात जातो." मुलींच्या वेण्या एक की दोन, रिबन तांबडी की पांढरी, नखं कुणी बघायची, बुटाऐवजी चप्पल चालेल का, कडं घातलेल्या पोराचं काय करायचं, असं करत नियम वाढत गेले. मी ते टिपत गेलो. मला मजा यायला लागली. क्रमांक, उपक्रमांक, 'उपरोक्त', 'सदर'. अंधार पडेपर्यंत त्रेपन्न पोरांच्या शाळेसाठी मी सहा पानांची नियमावली उभी केली होती. मंत्रालयातल्या माणसाबद्दल त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्याला राज्य मिळालंय आणि मला शाळा, एवढाच फरक.

बाहेर ओट्यावर आयांची वाट बघत पोरं बसली होती. हेडसरांना लहर आली, त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसा गणवेश पाहिजे रे?" पोरांनी आधी एकमेकांकडे बघितलं. रंगाबद्दल कुणी बोललंच नाही. चौथीतली एक पोरगी म्हणाली, "फ्रॉकला खिसा." मुलांच्या शर्टाला दोन खिसे असताना मुलींच्या फ्रॉकला एकही नाही, हे निम्म्या बायकांच्या समितीच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. आमचा धाकटा म्हणाला, "मला चड्डी." कसली, ते त्याने सांगितलं नाही. बाकीच्यांचं एकमत रोज रविवार पाहिजे यावर झालं. तो विषय समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने नोंदवून घेतला.

रंगाचा निकाल शेवटी कापड दुकानदाराने लावला. तालुक्याला गेलो तर तो म्हणाला, "दर परवडायचा असेल तर एकच माल आहे. गेल्या वर्षीचा पडून आहे, सगळ्या गावांना तोच देतोय." कोणता, म्हणून विचारलं. आकाशी आणि गडद निळा. आम्ही तो एकमताने मंजूर केला. इतिवृत्तात लिहिलं: 'सखोल चर्चेअंती.'

आता राहिलं माप. टेलरमामा शाळेत आले. या खेपेला प्रत्येक पोराच्या अंगाला टेप लागणार होती, म्हणून मी छाती काढून उभा होतो. पहिलं पोर पुढे आलं. मामांनी कंबर मोजली, "बावीस." पोराची आई म्हणाली, "सव्वीस धरा."

"बावीस आहे वहिनी."

"वाढतं अंग आहे. दोन वर्षं जायला पाहिजे."

दुसरं पोर. कंबर एकवीस, आईचं म्हणणं पंचवीस. तिसऱ्याच्या आजीने सांगितलं, त्याच्या मागचाही भाऊ आहे, त्यालाही पुढे हीच चालेल असं शिवा. शर्टाची लांबी गुडघ्याकडे सरकायला लागली. मामा मापं लिहिता लिहिता थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अध्यक्ष, गेल्या वर्षी वरून आलं होतं, ते माप वेगळं काय होतं?"

मी काही बोललो नाही. आमच्या धाकट्याची पाळी आली होती. मामांनी मोजलं, "वीस." मागून आमच्या हिचा आवाज आला, "चोवीस करा."

"अगं, मागच्या वर्षी याच कारणावरून तू मला—"

"ती सरकारनं दिली होती," ही म्हणाली. "ही आपण देतोय."

तर गणवेश आता शिवून झाले आहेत, वेळेवर झाले आहेत, आणि सगळ्यांना ढगळ आहेत. मुलींच्या फ्रॉकला खिसा आहे. तो पहिल्याच दिवशी चिंचा आणि खडूंनी भरला. नियमावलीची सहा पानं हेडसरांच्या कपाटात आहेत, अजून कुणी मागितली नाहीत.

तुमच्या गावच्या समितीत तुम्ही असाल तर रंगावर वेळ घालवू नका. टेलरला दोनच गोष्टी सांगा. शिवणीत भरपूर माया ठेव म्हणावं, पोर वाढलं की उसवून सोडता येते. आणि चड्डीला इलास्टिक घालू नको, ते एका पावसाळ्यात ढिलं पडतं. नाडी घाल.